कर्ज मिळालं की प्रार्थना कमी होते?

१९९७ साली आशियात आर्थिक संकट आलं आणि इंडोनेशियाचं चलन कोसळलं. एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत. काही महिन्यांत तोच आकडा १०,०००च्या पलीकडे गेला. तांदूळ भडकला. पण महागाईची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्याची स्वतःची भातशेती आहे त्याच्या मालालाही भाव येतो. बांधलेल्या पगारावर जगणाऱ्या सरकारी नोकराचा पगार मात्र आहे तिथेच राहतो. एकच देश, बहुसंख्यांचा एकच धर्म, एकच संकट. आणि केवळ कमाई कशातून होते यावर कोण किती पोळणार ते ठरलं. मुद्दाम असा प्रयोग करायची परवानगी कुणी दिली नसती. इथे तो आपोआप घडला.

अर्थशास्त्रज्ञ डॅनियल चेन यांनी तो नेमका हेरला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की ज्या घरांना जास्त झळ बसली त्या घरांतली माणसं सामूहिक कुराणपठणाकडे जास्त वळली आणि त्यांची मुलं इस्लामी शाळांत जास्त गेली. आता संकटात देव आठवतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा? खरी गंमत पुढेच आहे. जिथे कर्ज मिळण्याची सोय होती, तिथे हा ओढा बराच ओसरला होता. शिवाय पठणात सामील झालेल्या घरांचा खर्च संकटातही त्या मानाने कमी हेलकावला.

चेन यांच्या मते हा एक प्रकारचा विमा आहे. पठणाच्या मंडळातली माणसं अडचणीत एकमेकांना धरून राहतात, आणि नियमित हजेरी, वेळ, निष्ठा हा त्याचा हप्ता. कर्जाची खात्री असली की मन मुळातच कमी घाबरतं, असंही कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: श्रद्धेची भूक काही अंशी खिशाच्या असुरक्षिततेशी बांधलेली आहे. यात ढोंग नाही. तिथे पठणाला बसणाऱ्याच्या मनात हप्ता वगैरे काही नसतं. त्याला खरोखरच शांत वाटत असतं.

पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ साली हाच धागा जगभराच्या पातळीवर मांडला. पोट, आरोग्य, म्हातारपण यांची शाश्वती वाढली की धर्माचं दैनंदिन महत्त्व कमी होत जातं, असं त्यांचं म्हणणं. यावर नेहमी एक अडचण पुढे येते ती अमेरिकेची. देश श्रीमंत, तरी पश्चिम युरोपच्या तुलनेत कितीतरी धार्मिक. त्यावर त्यांचं उत्तर असं, की सरासरी संपत्ती पाहू नका, ती वाटली कशी गेली आहे ते पाहा.

इथे विषमता थेट चित्रात येते. ती मोजायला गिनी गुणांक वापरतात, इटलीच्या कोराडो गिनी यांनी १९१२ साली मांडलेला. सगळ्यांकडे सारखं असेल तर शून्य, एकाकडेच सगळं असेल तर एक. २०११ साली फ्रेडरिक सोल्ट आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतली विषमता आणि धार्मिकता शेजारी शेजारी ठेवून पाहिली. विषमता जास्त तिथे गरीब अधिक धार्मिक, हे अपेक्षितच होतं. पण तिथले श्रीमंतही अधिक धार्मिक निघाले. विम्याची उपपत्ती इथे लंगडी पडते. ज्याची तिजोरी भरलेली आहे त्याला मंडळाचा आधार कशाला? सोल्ट यांचं उत्तर सत्तेचं आहे: जे आहे ते योग्यच आहे असं सांगणारी शिकवण वरच्यांना सोयीची असते आणि ती पसरवायची साधनंही त्यांच्याच हाती असतात. मला हे निम्मंच पटतं. शिडी जितकी उंच तितकी वरच्या पायरीवरून पडायची भीतीही मोठी, हे कारण त्यात धरायला हवं. अर्थात हा माझा तर्क.

वरच्यांच्या मनात काय चालतं याचा एक दाखला मात्र प्रयोगशाळेतून मिळतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली काही जणींना एक दृश्य दाखवलं: एका स्त्रीला चुकांबद्दल विजेचे झटके बसत आहेत. (झटके खोटे होते, ती अभिनय करत होती.) ज्यांना तिचा त्रास थांबवता येत होता, त्यांनी तिच्याबद्दल बरंच मत ठेवलं. त्रास असाच चालू राहणार आणि आपण काही करू शकत नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिलाच नावं ठेवायला सुरुवात केली. जगात न्याय आहे हा विश्वास टिकवायचा, तर सोसणाऱ्यात खोट काढावीच लागते. ‘ज्याचं त्याचं नशीब’ हे वाक्य किती वेळा सांत्वन असतं आणि किती वेळा सुटका, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

धर्म सोडून ‘फक्त अध्यात्म’ म्हणणाऱ्यांनाही स्वतःला वरचं मानण्यातून सूट नाही. योगाभ्यासाने ‘मी’पणा गळतो अशी समजूत, योखेन गेबाउर आणि सहकाऱ्यांनी ती २०१८ साली तपासली. योग शिकणाऱ्या ९३ जणांना १५ आठवडे प्रश्न विचारले. सत्रानंतर लगेच विचारलं, तर माणसं स्वतःला इतरांपेक्षा एरवीहूनही जास्त वरचढ मानत होती.

आता उलट बाजू. शिगेहिरो ओइशी आणि एड डीनर यांनी २०१४ साली १३२ देशांची माहिती तपासली. आपल्या जगण्याला अर्थ आहे असं म्हणणारे गरीब देशांत जास्त निघाले आणि त्यामागे धार्मिकतेचा मोठा वाटा होता. हा निष्कर्ष सभांमध्ये फार चालतो. त्याच अभ्यासात जगण्याबद्दलचं समाधान मात्र श्रीमंत देशांत जास्त होतं, ते कुणी सांगत नाही. अर्थ आणि समाधान ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली जमा दुसऱ्यात वळती होत नाही.

धर्माने गरिबांच्या जगण्यात काय फरक पडतो, हे फिलिपिन्समध्ये तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून आजमावलं गेलं. अत्यंत गरीब अशा ६,२७६ कुटुंबांपैकी काहींना आरोग्य आणि रोजगाराच्या प्रशिक्षणाबरोबर ख्रिस्ती धर्मशिक्षण दिलं, काहींना त्याशिवाय. १५ आठवड्यांचा कार्यक्रम संपून सहा महिने झाल्यावर पाहिलं, तर धर्मशिक्षण मिळालेल्यांची श्रद्धा वाढली होती. उत्पन्नही सुमारे ९ टक्क्यांनी वाढलं होतं. जगण्याबद्दलच्या समाधानात ठळक फरक नव्हता. आणि इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात, असं विचारल्यावर त्यांनी स्वतःला धर्मशिक्षण न मिळालेल्यांच्या मानाने खालच्या पायरीवर ठेवलं.