बोटीचं वजन एक्सलच्या कुठल्या बाजूला?

मराठवाड्यात बोट म्हटली की रस्त्याचा प्रवास आलाच. नाथसागर, माजलगाव, विष्णुपुरी, मांजरा हे जलाशय एकमेकांपासून लांब, आणि पूर कुठल्या नदीला येईल ते कोणी सांगावं? सप्टेंबर 2025 मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा, गोदावरी या नद्यांनी एकाच महिन्यात काठची गावं वेढली. अशा वेळी इंजिनासकटची जड फायबर बोट जीपमागे लावून न्यायची, तर ती नीट पोहोचणं हेच पहिलं काम.

घाईत काय होतं? बोट ट्रेलरवर चढवली, दोर आवळला, जीप निघाली. ताशी 40 ला काही जाणवत नाही. 70 ला मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि पाहता पाहता जीपची मागची बाजूही त्याच्याबरोबर ओढली जाते. दोष बोटीच्या वजनाला दिला जातो. पण खरा प्रश्न असतो तो हे वजन एक्सलच्या, म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या, पुढे आहे की मागे, आणि एक्सलपासून किती लांब पसरलंय, हा.

यातला पहिला भाग आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवानाला ठाऊक आहे. कडब्याच्या पेंढ्या रचताना भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. फार पुढे आला की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना दबतात. त्याला हवा असतो मानेवर बेताचा दाब. एका एक्सलच्या ट्रेलरलाही जीपला जिथे तो जोडतात त्या हुकावर तसाच बेताचा दाब लागतो. बोटीच्या ट्रेलरसाठी तो एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के धरतात, इतर मालाच्या ट्रेलरसाठी 10 ते 15 टक्के. जीपच्या हुकाला किती भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ती मर्यादा मात्र ओलांडायची नाही. दाब जास्त झाला तर जीप मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते.

आता आकडे मांडून पाहू. ट्रेलर, बोट आणि इंजिन मिळून 1,200 किलो. हुकापासून एक्सल 4 मीटरवर. सगळ्याचा गुरुत्वमध्य एक्सलच्या 30 सेंटिमीटर पुढे. मग हुकावरचा दाब 1,200 गुणिले 0.3 भागिले 4, म्हणजे 90 किलो. साडेसात टक्के, अगदी हवा तसा. आता यातली 900 किलोची बोट फक्त 30 सेंटिमीटर, शाळेतल्या पट्टीएवढी, मागे सरकली असं समजा. दाब साडेसदुसष्ट किलोंनी उतरतो आणि हुकावर जेमतेम 22 किलो उरतात. वजन तेच, बोट तीच, पण ट्रेलर धोक्याचा झाला.

म्हणून पुढचा विंचचा, म्हणजे हाताने फिरवायच्या चरखीचा, दोर म्हणजे बांधणं नव्हे. तो बोट वर ओढायला असतो. बोट जागेवर धरायची तर मागच्या बाजूलाही दोन्हीकडून रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे ट्रेलरच्या सांगाड्याला आवळून बांधायला हवेत.

पाण्याचा धोका तर सहज नजरेआड होतो. पावसात उघडी राहिलेली बोट तळाशी 100 लिटर पाणी धरून बसली, तर ते 100 किलो झाले. चढ लागला की हे पाणी मागे धावतं आणि एक्सलच्या 2 मीटर मागे साठलं तर हुकावरचे 50 किलो कमी करतं. निघण्याआधी मागचं बूच काढून बोट रिकामी करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नये.

दाब मोजायला साखर कारखान्याचा वजनकाटा नको, त्यावर 5-10 किलोंचा फरक सहज पडतो. आडतीवरचा पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम. सपाट जागी ट्रेलर सोडायचा, चाकांना उटी लावायची आणि ट्रेलरची दांडी जीपला जोडताना जेवढ्या उंचीवर असते तेवढ्याच उंचीवर ठोकळ्याने काट्यावर टेकवायची. दिसेल तो आकडा म्हणजे हुकावरचा दाब.

पण बैलगाडी झुलत नाही, कारण ती धावत नाही. इथून पुढचं गणित वेगाचं आहे. शेजारून ट्रक गेला किंवा चाक खड्ड्यात गेलं की ट्रेलर किंचित तिरका होतो. तिरक्या चाकांवर रस्त्याचं आडवं घर्षण येतं आणि ते ट्रेलरला सरळ करू पाहतं. तो सरळ होतो, थोडा पलीकडे जातो, पुन्हा परततो. कमी वेगाला दर हेलकाव्यात ऊर्जा घटते आणि झुलणं थांबतं. वेग वाढेल तसं हे थांबवणारं बळ तोकडं पडत जातं आणि एका मर्यादेपुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. भार मागे असेल तर ही मर्यादा खाली येते, शिवाय जीपची मागची बाजू उचलली जाऊन तिच्या टायरांची पकडही ढिली होते.

काट्याला न दिसणारी एक चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागे लटकलेलं 90 किलोचं इंजिन तोलायला काही जण बोटीच्या नाकात नांगर, बॅटऱ्या, पेट्रोलचे कॅन कोंबतात. काट्यावर आकडा बरोबर येतो. पण फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. एक्सलपासून अर्ध्या मीटरवरची वस्तू 2 मीटरवर नेली तर तिचा वाटा चौपट नव्हे, सोळा पट होतो. दोन्ही टोकं जड असलेला ट्रेलर एकदा झुलला की आवरत नाही. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ट्रेलरवर वजनं सरकवून चाचण्या घेतल्या. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत हुकावरचा दाब आणि हे फिरण्याचं जडत्व, दोन्ही निर्णायक ठरले. तेव्हा सुटं सामान एक्सलच्या आसपास आणि तळाशी ठेवावं, किंवा सरळ जीपमध्ये टाकावं. तोल साधायचा तर पुढचा विंचचा खांब सरकवून अख्खी बोट पुढे घ्यावी.

पाण्यातून बोट ओढताना ती उतारावर असते, त्यामुळे तिथे नीट बसलेली वाटली तरी सपाटीवर आल्यावर तिचं नाक पुढच्या टेकूपासून सुटलेलं दिसू शकतं. वर आलं की थांबून ती पुन्हा ओढून घ्यायची आणि मगच पट्टे आवळायचे.

मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर ट्रेलर जीपला मागून ढकलतो, त्यामुळे झुलण्याची भीती तिथे जास्त. वेग घाटाच्या माथ्यावरच कमी करावा. झुलणं सुरू झालंच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरायचं. उलट-सुलट वळवून ट्रेलरचा पाठलाग करायचा नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही आणि वेग वाढवून तो ताणून सरळ करायला तर मुळीच जायचं नाही. वेग उतरला की झुलणं थांबतं. मग कडेला घेऊन पट्टे तपासायचे, पाणी काढायचं, सामान एक्सलजवळ आणायचं आणि बोट मागे सरकली असेल तर पुढे ओढूनच निघायचं.