पेशींचा वेग आणि कॉक्स-१

आमच्या सोसायटीत सध्या बायोएन्झाइमची साथ आहे. लिंबाच्या साली, गूळ, पाणी डब्यात भरून तीन महिने ठेवायचं आणि त्याने फरशी पुसायची. इथपर्यंत ठीक. पण परवा ग्रुपवर ‘रोज दोन चमचे प्या, पेशी शुद्ध होतात’ असा मेसेज फिरला आणि राहवलं नाही. अहो, एन्झाइम हे प्रथिन. गिळलंत तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाणार. पेशींना लागणारी एन्झाइम्स पेशीच बनवतात, आणि त्यांची करामत बघायची तर झेब्राफिशच्या अंड्यात बघावी.

हा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. पुण्यात फिशटँकच्या दुकानात झेब्रा डॅनिओ म्हणून मिळतो. आघारकर संशोधन संस्थेत त्यावर संशोधनही चालतं. त्याचा भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सरकताना दिसतात. २८.५ अंश सेल्सिअसला, फलनानंतर चारेक तासांनी वरच्या टोकाला जमलेल्या पेशी बलकावर पसरू लागतात. दहाव्या तासाला बलक पुरता झाकलेला असतो. याच दरम्यान दोन्ही बाजूंच्या पेशी पाठीच्या रेषेकडे सरकून एकमेकींच्या मध्ये घुसतात आणि शरीर लांबट होतं. (माणसात हा टप्पा फलनानंतर तिसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा कानांचा पत्ता नसतो. ‘पहिल्या दिवसापासून’ गर्भसंस्काराची गाणी विकणाऱ्यांनी कोणाला ऐकवायची ते ठरवावं.)

या पेशींना वेग कोण देतं? कॉक्स-१ नावाचं एन्झाइम. अ‍ॅस्पिरिन ज्याला बंद पाडते, तेच. पेशीपटलातून सुटलेल्या अ‍ॅराकिडॉनिक आम्ल या मेदाम्लापासून ते पीजीएच-२ हा मधला रेणू बनवतं. दुसरं एन्झाइम, पीटीजीईएस, त्याचं प्रोस्टाग्लँडिन ई-२ करतं, म्हणजे पेशींना निरोप पोचवणारा रेणू. हा रेणू पेशीबाहेर पडून पेशीपटलावरच्या ईपी-४ या ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. मग आत पीआय-३-कायनेज हे आणखी एक एन्झाइम जागं होतं, पटलातल्या एका मेदरेणूवर फॉस्फेट चढवतं. त्या खुणेपाशी एकेटी हे प्रथिन येऊन कामाला लागतं आणि पेशीची चाल वाढते.

२००६ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी ही साखळी मध्येच तोडून पाहिली. मला सर्वांत आवडतं ते त्यांचं निरीक्षण: ईपी-४चा संदेश नसतानाही पेशींचा आकार ठीक होता, एकदा धरलेली दिशाही त्या सोडत नव्हत्या. फक्त वेग घटला. तेवढ्यानेच बलक झाकायला उशीर झाला आणि पाठीकडे जमणंही बिघडलं. म्हणजे दिशा आणि वेग यांचा कारभार वेगळा.

याच गटाला कर्करोगातही रस होता, आणि त्यात नवल नाही. मोठ्या आतड्याच्या अनेक गाठींमध्ये कॉक्स-१चं भावंड, कॉक्स-२, जास्त प्रमाणात सापडतं आणि तेही प्रोस्टाग्लँडिन ई-२च बनवतं. तिथेही या रेणूमुळे पेशी हलू लागतात, फक्त तिथे त्यांनी हलू नये अशी आपली इच्छा असते.