कोची–लक्षद्वीप प्रवासी जहाजसेवा

केरळमधील कोची बंदर आणि अरबी समुद्रातील लक्षद्वीप बेटे यांच्यात चालणारी प्रवासी जहाजसेवा. तिच्या बहुतेक फेऱ्यांत अख्खी रात्र समुद्रावर काढावी लागते. जहाजे लक्षद्वीप प्रशासनाची आहेत. बेट कोणते यावर 14 ते 18 तास लागतात आणि वाटेत आणखी एकदोन बेटे घ्यायची असतील तर त्याहून जास्त. पर्यटक तिच्याकडे सहलीची बोट म्हणून पाहतात. बेटांवरच्या माणसाला मात्र तीच एस.टी. असते, तीच मालगाडी आणि पुष्कळदा तीच रुग्णवाहिकाही. तिथे तिला सरळ ‘कप्पल’ म्हणजे जहाज म्हणतात.

लक्षद्वीप हा 36 बेटांचा समूह आहे. त्यांतल्या दहा बेटांवर कायमची वस्ती आहे, एकूण जमीन अवघी 32 चौ. किमी. आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 64,473. कवरत्ती ही राजधानी कोचीपासून सुमारे 400 किमी.वर आहे, तर विमानतळ असलेले अगत्ती सुमारे 460 किमी.वर. मिनिकॉयही साधारण 400 किमी.वरच, पण ते इतर बेटांपासून तुटलेले आहे. मधल्या रुंद समुद्रपट्ट्याला नाइन डिग्री चॅनेल म्हणतात. 1956 मध्ये केंद्रशासित प्रदेश झाल्यावरही काही वर्षे या बेटांचा कारभार कोळिकोडहून, म्हणजे मुख्य भूमीवरून चाले. तो 1964 मध्ये कवरत्तीला हलला आणि 1973 मध्ये प्रदेशाला ‘लक्षद्वीप’ हे नाव मिळाले. जहाजे येण्याआधी बेटांवरचे लोक काथ्या आणि खोबरे घेऊन ‘ओडम’ नावाच्या शिडाच्या होड्यांतून मलबारच्या किनाऱ्याला जात आणि तांदूळ घेऊन परतत. त्यात वाऱ्यावर भिस्त ठेवून दिवसच्या दिवस जात, आणि पावसाळ्यात तर वाट बंदच.

अगत्तीचा विमानतळ 1988 पासून आहे, तरी जहाजाचे महत्त्व घटलेले नाही. तिथली धावपट्टी सुमारे 1,200 मीटर. त्यामुळे छोटीच विमाने उतरू शकतात आणि विमानातून उतरणाऱ्याला दुसऱ्या बेटावर जायचे असेल तर बहुतेक वेळा पुन्हा पाण्यावरूनच जावे लागते. फ्रीज, सायकल, सिमेंट, कोंबड्यांचे खुराडे यांना तर विमानाचा काहीच उपयोग नाही.

परवाना आणि तिकीट

बेटांचा रहिवासी नसलेल्या माणसाला, मग तो भारतीय नागरिक असला तरी, प्रवेश परवान्याशिवाय जाता येत नाही. 1967 च्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांनी ही अट घातली. बेटांवरची बहुसंख्य वस्ती अनुसूचित जमातींत मोडते आणि जमीन व पाणी दोन्ही तुटपुंजे, म्हणून हे निर्बंध आले. सरकारी कामावर जाणारे आणि सैन्यदलांतले लोक यांना त्यातून सूट आहे. इतरांना अर्जासोबत ओळखपत्र आणि पोलिसांचा दाखला लागतो. या दाखल्याला किती दिवस लागतील हे आपापल्या पोलीस ठाण्यावर अवलंबून, म्हणून तयारी इथूनच सुरू करावी. परवान्यावर ज्या बेटाचे नाव असेल तिथेच उतरता येते. जहाज वाटेत दुसऱ्या बेटावर थांबले म्हणून तिथे फेरफटका मारून येता येत नाही.

तिकिटांचे दर दोन प्रकारचे: बेटवासीयांना अनुदानित आणि बाहेरच्यांना त्याहून बरेच जास्त. ते रास्तच आहे. गावाला जायचे दुसरे साधन नसलेल्या माणसाकडून सहलीचे भाडे घेणे बरे नव्हे. तंटा दराचा नसतो, जागांचा असतो. एकदोन जहाजे दुरुस्तीसाठी गोदीत गेली की उरलेल्यांवर ताण येतो. मग सुट्टीत घरी निघालेले विद्यार्थी आणि उपचार संपवून परतणारे रुग्ण कोचीत अडकून पडतात. पर्यटकाने एवढे ध्यानात ठेवले तरी तिकीट न मिळाल्याचा त्याचा राग अर्धा उतरेल. जहाजांचा कार्यक्रम आगाऊ जाहीर होतो, पण हवामान किंवा दुरुस्तीपायी तो बदलतो. परतीच्या जहाजाला लागूनच रेल्वेचे तिकीट काढू नये, मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा.

रात्र

कोचीत जहाजे विलिंग्डन बेटावरच्या धक्क्याला लागतात. हे बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून, रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. म्हणजे प्रवाळांनी रचलेल्या बेटांकडे निघायचे ते माणसांनी रचलेल्या बेटावरून. धक्क्यावर सामानाची तपासणी होते. बंगाराम या बेटाचा अपवाद वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे बाटली इथेच अडकते. परवाना, तिकीट आणि मूळ ओळखपत्र हाताशी ठेवावे, कारण मोठी बॅग एकदा ढिगात गेली की सकाळपर्यंत तिचे दर्शन दुर्मीळ.

‘एम. व्ही. कवरत्ती’ या ताफ्यातल्या मोठ्या जहाजाची क्षमता 700 प्रवाशांची, तर ‘एम. व्ही. कोरल्स’ आणि ‘एम. व्ही. लगून्स’ यांची प्रत्येकी 400. वर्ग ढोबळमानाने तीन. पहिल्या वर्गात दोन जणांची खोली, दुसऱ्यात चौघांची आणि तिसरा बंक वर्ग. बंक म्हणजे लांबलचक दालनात ओळीने मांडलेल्या एकावर एक बर्थ. वातानुकूलन बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते, तेव्हा चादर आणि पायमोजे जवळ असू द्यावेत. खोलीत खासगीपणा मिळतो, पण या प्रवासाचे खरे रूप बंकमध्येच कळते. तिथे निम्मे लोक एकमेकांचे नातेवाईक किंवा शेजारी असतात. कोणी मुलीच्या लग्नाची खरेदी घेऊन निघालेले, कोणी कोचीच्या इस्पितळातून टाके घालून आलेले. बोली मल्याळमची, मिनिकॉयचे लोक असतील तर आपसात महल, जी मालदीवच्या धिवेहीची बोली. लहान मुले मधल्या वाटेत पाय पसरून झोपलेली सापडतात, म्हणून रात्री उठताना जरा जपून.

जेवण केरळी वळणाचे आणि साधे असते. कॅफेटेरियाच्या वेळा ठरलेल्या असतात व त्या चुकल्या तर बिस्किटांवर रात्र काढावी लागते. किनारा मागे पडून तासदोन तास झाले की मोबाइल मुका होतो आणि बेटाजवळ पोहोचेपर्यंत मुकाच राहतो. बेटांवरची जोडणी मात्र कोचीहून टाकलेल्या समुद्राखालच्या ऑप्टिकल फायबरमुळे सुधारली आहे. तिचे उद्‌घाटन जानेवारी 2024 मध्ये झाले.

‘बोट लागणे’, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळणे, हा आपल्या कोकणच्या आगबोटींच्या काळातला शब्दप्रयोग इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. हेलकावे सर्वांत कमी जाणवतात ते जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर, आणि सर्वांत जास्त नाळेच्या टोकाला व वरच्या डेकवर. म्हणजे देखाव्याची जागा आणि पोटाच्या सोयीची जागा एक नसते. डोळे बंद खोलीच्या भिंती पाहून सांगतात की आपण स्थिर आहोत, आतला कान सांगतो की हलतो आहोत, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून बाहेर येऊन क्षितिजावर नजर ठेवली की आराम पडतो. गोळी घ्यायची तर जहाज सुटण्याआधी. उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही. उपाशीपोटी निघणे आणि तेलकट खाऊन निघणे, दोन्ही वाईट. डिसेंबर ते मार्च समुद्र बहुतेक शांत असतो आणि पुष्कळांना या साऱ्याची गरजही लागत नाही.

सकाळ

अथांग पाण्यावरची रात्र या प्रवासाचा कठीण भाग नव्हेच. कठीण असते ते शेवटचे हजारएक मीटर.

लक्षद्वीपची बेटे ही प्रवाळांची कंकणद्वीपे आहेत. बहुतेक ठिकाणी वस्तीची जमीन कंकणाच्या पूर्व कडेला असते, पश्चिमेला उथळ खाजण, ज्याला सगळे लगूनच म्हणतात, आणि त्याच्या बाहेर लाटा फोडणारी प्रवाळभिंत. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. त्यामुळे पहाटे डेकवर उभ्या असलेल्याला बेट असे दिसतच नाही; आधी पाण्यातून उगवल्यासारखे माडांचे शेंडे दिसतात आणि बऱ्याच वेळाने त्यांच्याखाली वाळूची रेघ. लगूनमध्ये मोठ्या जहाजाला पुरेल एवढे पाणी नाही. पूर्वेला पाणी एकदम खोल होते, पण तिथे आडोसा नाही. म्हणून जहाज बाहेरच थांबते आणि किनाऱ्यावरून यांत्रिक होड्या त्याला येऊन भिडतात. कोकणात धक्का नसलेल्या बंदरांत आगबोटीला पडाव लागत, तसेच हे.

जहाजाच्या कुशीतला दरवाजा उघडतो आणि समोर होडी असते. ती स्थिर नसते. लाटेबरोबर ती दरवाज्याच्या पातळीला येते आणि दुसऱ्या क्षणी हातभर, कधी पुरुषभर खाली जाते. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात. ते प्रवाशाच्या दंडाला धरतात, होडी वर येण्याची वाट पाहतात आणि नेमक्या क्षणी सोडतात किंवा ओढून घेतात. इथे आपल्या अकलेने उडी मारू नये. खलाशी म्हणेल तेव्हाच पाय टाकावा, हात मोकळे ठेवावेत आणि बॅग त्यांच्याकडे द्यावी. ती ते झेलतात. चपला पट्ट्याच्या हव्यात, साडीचा काचा मारलेला बरा आणि फोन पाण्यापासून सुरक्षित पिशवीत. पहिल्यांदा जाणाऱ्याचे पाय इथे लटपटतात. मागून ऐंशीच्या घरातली आजी एका हाताने पदर सावरत सहज उतरून जाते, तेव्हा थोडे ओशाळायला होते. आजारी माणसाला स्ट्रेचरसकट असेच उतरवतात, आणि तेव्हा आख्खी होडी गप्प असते.

वाऱ्याप्रमाणे उतरण्याची बाजू बदलते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत पश्चिमेच्या भिंतीवर लाटा आदळतात, मग लगूनचे तोंड धोक्याचे होते आणि उतरण्याची जागा पूर्वेकडे हलवावी लागते. काही बेटांवर पूर्वेला जेट्टी बांधल्यामुळे समुद्र शांत असेल तर जहाज थेट लागते. आंद्रोत हे सर्वांत मोठे बेट, पण त्याला इतरांसारखे लगून नाही. तिथे लाटारोधक बांध घालून आडोसा तयार करावा लागला. समुद्र फारच खवळला तर जहाज बेटासमोर थांबून, वाट पाहून, प्रवाशांना न उतरवता पुढे जाते. समोर घराचे छप्पर दिसते आहे आणि तरी आणखी एक रात्र जहाजावर, हा प्रसंग बेटवासीयांना नवा नाही. पावसाळ्यात बेपूर आणि मंगळूरहून माल आणणारी लाकडी जहाजे बंद राहतात. त्या महिन्यांत दुकानांतल्या भाजीपासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळ्याची मदार ठरावीक जहाजांवर येते.

सहलीचा प्रकार

‘समुद्रम’ नावाच्या शासकीय सहलीत हा अडचणीचा भागच योजनेचा आधार बनवला आहे. प्रवासी रात्री जहाजावर झोपतात आणि दिवसा होडीने कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय अशी बेटे पाहून संध्याकाळी परततात. बेटांवर निवासाच्या खोल्या थोड्या, गोडे पाणी त्याहून थोडे. त्यामुळे तरंगते वसतिगृह ही सोय शहाणपणाची आहे. तोटा एवढाच की बेटावरची रात्र हुकते, आणि ती हुकू नये अशी असते. मिनिकॉयला 1885 चे दीपगृह चढायला मिळते. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यानंतर लक्षद्वीपबद्दलची विचारणा एकाएकी वाढली, पण जहाजांतल्या जागा काही एकाएकी वाढत नाहीत.

सुरक्षेच्या सूचना कंटाळवाण्या वाटल्या तरी ऐकाव्यात. डिसेंबर 2021 च्या पहिल्याच दिवशी ‘एम. व्ही. कवरत्ती’च्या इंजिन कक्षात भर समुद्रात आग लागली. जहाजावर 600 हून अधिक प्रवासी होते. आग विझवण्यात आली, जीवितहानी झाली नाही. पण जहाजाची वीज गेली आणि तटरक्षक दलाच्या मदतीने ते आंद्रोतकडे ओढून न्यावे लागले. आपला बर्थ कुठे, लाइफ जॅकेट कुठे आणि वर जाण्याचा जिना कुठे, एवढे उजेडातच पाहून ठेवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

परतताना सामानाचा वास बदललेला असतो. जाताना कांदे, सफरचंदे आणि नवे प्लास्टिक; येताना सुकवलेला टूना, ज्याला मिनिकॉयला ‘मास’ म्हणतात, नारळ आणि खोबरे. कोचीच्या तोंडाशी, फोर्ट कोची आणि वायपिन यांच्यामधून आत शिरताना दोन्ही किनाऱ्यांवरची चिनी जाळी दिसतात. त्याच सुमारास दालनात एकेक करून मोबाइल वाजू लागतात आणि झोपलेली मुले उठतात. धक्क्यावर उतरल्यावरही दिवसभर पायांखालची जमीन हलत असल्यासारखी वाटते. ती दुसऱ्या दिवशी थांबते.