फासल आणि एक्झिक्युटेबल: ओळ चालली कधी?

"दादा, कंपाइल तर झालं, मंग त्याच्या मशीनवर चालत काहून नाही?" धरमपेठेतल्या पोह्याच्या ठेल्यावर हा प्रश्न आला की माझी तर्री गार होते.

लिस्पवाल्यांना फासल काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, लिस्प भाषेतला प्रोग्राम कंपाइल केला की बनते ती फाइल. आत खरा मशीन कोड असतो, पण चालवायला एसबीसीएल (लिस्पचा एक कंपायलर) लागतं, तेही ज्या आवृत्तीवर बनवली तीच. एक्झिक्युटेबल म्हणजे थेट चालणारी फाइल. ती बनवणाऱ्या सेव्ह-लिस्प-अँड-डाय या फंक्शनला 'एक्झिक्युटेबल टी' दिलं की रनटाइम (प्रोग्राम चालवणारा गाभा), गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा), खुद्द कंपायलरसुद्धा एकाच फाइलीत जाऊन बसतो. म्हणून नुसतं 'नमस्कार' छापणारा प्रोग्रामही साधारण 30-40 एमबीचा होतो. त्यावरची रडारड मला ऐकवत नाही. फारच सलत असेल तर कॉम्प्रेशन लावा.

खरी गोची वेगळीच आहे. फासल लोड झाली की डेफपॅरामीटरची (ग्लोबल व्हेरिएबल ठरवणाऱ्या ओळीची) किंमत दर वेळी नव्याने काढली जाते, वापरणाऱ्याच्या मशीनवर. एक्झिक्युटेबलमध्ये ती आधीच निघालेली असते: तुमच्या मशीनवर, बांधणीच्या वेळी, एकदाच. सेव्ह होते ती मेमरी, त्या क्षणी होती तशी.

हे मी हिंगण्याला शिकलो. वजनकाट्याच्या पावत्यांचा प्रोग्राम, भर मे महिना, ऑफिसातला कूलर बंद. डेटाचं फोल्डर मी डेफपॅरामीटरमध्येच युजर-होमडिर-पाथनेम (वापरणाऱ्याचं होम फोल्डर सांगणारं फंक्शन) वापरून ठरवलं होतं. माझ्याकडे फासलवर महिनाभर सुरळीत चाललं. तिथे एक्झिक्युटेबल उघडलं, तर पठ्ठ्या माझ्याच घरच्या लॅपटॉपवरचं फोल्डर शोधतोय! एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणाऱ्या गेटएन्व्हचंही तेच. मेक-रँडम-स्टेट टी (रँडम आकड्यांची नवी सुरुवात करून देणारं) असं डेफपॅरामीटरमध्ये लिहिलंत, तर दर वेळी प्रोग्राम उघडल्यावर 'रँडम' आकडे त्याच क्रमाने येतील.

इलाज दोन ओळींचा. व्हेरिएबल डेफव्हारने रिकामं ठेवा आणि टॉपलेव्हल म्हणून दिलेल्या (प्रोग्राम उघडताच चालणाऱ्या) फंक्शनच्या पहिल्याच ओळीत त्याची किंमत भरा. काही जण त्यासाठी इनिट-हुक्स (सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या फंक्शनांची यादी) वापरतात. मला नाही आवडत. सहा महिन्यांनी शोधायला गेलं की सापडत नाही.

बाकी किरकोळ. स्लाइम (एडिटरमधून चालू लिस्पशी जोडणारं साधन) जोडलेलं असताना सेव्ह करू नका, जादा थ्रेड (सोबतीने चालणारी कामं) दिसले की एसबीसीएल नकार देतं. आणि ओपनएसएसएलसारखी बाहेरून लोड केलेली लायब्ररी या फाइलीत येत नाही, ती समोरच्याच्या मशीनवर असावी लागते.