कॅम्पसमधल्या घटनेची पोलीस तक्रार करायला कॉलेजची परवानगी लागत नाही

दरवर्षी अ‍ॅडमिशन झाल्या की हॉस्टेलच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, की कॅम्पसमध्ये छेडछाड झाली तर आधी कॉलेजच्या समितीकडे जायचं, त्यांनी हो म्हटलं तरच पोलीस आणि तेही त्याच हद्दीतलं ठाणं. साफ चूक आहे हे, आणि यामुळे मुली गप्प बसतात याचा मला खरंच त्रास होतो.

कॉलेजची अंतर्गत समिती (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी) वेगळी, पोलीस वेगळे, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. हद्दीचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 बघा, दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात) कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. म्हणजे पुण्यात हॉस्टेलवर घडलं आणि घाबरून तू रात्रीच्या एसटीने साताऱ्याला घरी गेलीस तर तिथेच दे, ते शून्य नंबरने एफआयआर घेऊन पुण्याला पाठवतात. ऑनलाइन दिलीस तर 3 दिवसांत सही करावी लागते, तेवढं विसरू नकोस. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घे. आणि प्रसंग चालूच असेल तर सरळ 112 लाव.