मूल्य: निर्णयामागचं आणि निर्णयावरचं

एखादा नेता युद्धाची किंवा परराष्ट्र धोरणाची घोषणा करताना स्वातंत्र्य, शांतता, मानवी हक्क असं बोलू लागला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना तो तत्त्वनिष्ठ वाटतो, तर बाकीचे म्हणतात, हा सगळा देखावा, आत फक्त हितसंबंध. दोन्ही तट एकच गोष्ट विसरतात. मूल्य हे निर्णयाचं कारण असणं वेगळं आणि त्याचं समर्थन असणं वेगळं. भाषणं ऐकून हा फरक कळत नाही, कारण दोन्हीकडचे शब्द तेच असतात. बोलल्यानंतर नेत्याने कोणते पर्याय सोडून दिले आणि कोणतं नुकसान सोसलं, हे पाहावं लागतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले जिमी कार्टर यांचं उदाहरण घेऊ. २० जानेवारी १९७७ च्या शपथविधीच्या भाषणात त्यांनी मानवी हक्कांबाबत अमेरिकेची बांधिलकी निःसंदिग्ध असल्याचं सांगितलं. सुमारे पाच आठवड्यांनी त्यांचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी अर्जेंटिना, उरुग्वे आणि इथिओपियाची मदत कमी करत असल्याचं जाहीर केलं. यातला अर्जेंटिना कट्टर साम्यवादविरोधी, म्हणजे शीतयुद्धात अमेरिकेच्याच बाजूचा. मार्चमध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या मानवी हक्कविषयक अहवालावर चिडून १९५२ चा लष्करी करारच रद्द केला. पुढे सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर कार्टर यांनी जानेवारी १९८० मध्ये सोव्हिएत संघाला जाणारं धान्य रोखलं, तेव्हा अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने त्यांना साथ दिली नाही. उलट आपलं धान्य मॉस्कोला विकलं. दुखावलेल्या मित्राकडून अशी वसुली होते. मूल्य नुसतं दाखवण्यापुरतं असतं, तर हा मित्र दुखावण्याची गरजच नव्हती.

पण याच कार्टर यांनी दक्षिण कोरियातल्या हुकूमशाहीची मदत मानवी हक्कांच्या नावाने कापली नाही, आणि ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानमधल्या मेजवानीत शहांच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, इराणला ‘स्थैर्याचं बेट’ म्हटलं. मग ते ढोंगी होते का? मला तसं वाटत नाही. मूल्य खरं कारण असलं तरी ते एकटं कारण क्वचितच असतं. सेऊल आणि तेहरानच्या बाबतीत सुरक्षेचं पारडं जड झालं, ब्यूनोस आयर्सच्या, म्हणजे अर्जेंटिनाच्या, बाबतीत झालं नाही. हा फरक मान्य करून कार्टर यांच्यावर टीका जरूर करावी, पण म्हणून अर्जेंटिनाबाबतचा निर्णय खोटा ठरत नाही.

इराकमध्ये क्रम उलटा दिसतो. मार्च २००३ मधल्या हल्ल्याआधी जगापुढे मुख्य मुद्दा होता संहारक अस्त्रांचा. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्याचेच कथित पुरावे मांडले होते. इराकींच्या स्वातंत्र्याची भाषा तेव्हाही होती, पण मागच्या रांगेत. २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने असे साठे नव्हते असं सांगितलं, आणि २० जानेवारी २००५ ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण जवळजवळ संपूर्ण स्वातंत्र्यावर झालं. बुश यांची लोकशाहीवर श्रद्धा असेलही. पण निर्णय घेऊन झाल्यावर जे मूल्य पुढच्या रांगेत येऊन बसतं, त्याला त्या निर्णयाचं कारण म्हणता येत नाही.

याहून अवघड प्रश्न येतो तो एकाच नेत्याची दोन मूल्यं एकमेकांशी भिडतात तेव्हा. गोवा हे त्याचं ठळक उदाहरण. नेहरू जगाला वाटाघाटी आणि शांततेचा मार्ग सांगत होते आणि वसाहतवादालाही तितकाच कडाडून विरोध करत होते. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं गेली, तरी नेहरूंनी फौज पाठवली नाही. संयमाची ही वर्षं नुसत्या समर्थनाने समजावता येत नाहीत, कारण देशात त्यावरून त्यांना सतत बोल ऐकावे लागत होते. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर गेलं आणि दोन दिवसांच्या आत काम झालं. सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताला धारेवर धरलं. युद्धबंदीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे अडला. शांततेचा उपदेश केलेलाच नसता, तर टीकेची धार एवढी लागली नसती.

म्हणूनच निव्वळ समर्थन म्हणून बोललेलं मूल्यही फुकट जात नाही. नेता ते चारचौघांत बोलला की शत्रू, मित्र आणि स्वतःचे मतदार ते लक्षात ठेवतात, आणि पुढच्या प्रसंगी त्याच शब्दांवर त्याला बांधतात. मध्यपूर्वेत निवडणुकांचा आग्रह धरणाऱ्या बुश प्रशासनाला पॅलेस्टिनी निवडणूक पुढे ढकला असं म्हणणं जड गेलं. इस्रायलला शंका होत्या, पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या पक्षालाही धास्ती होती, तरी २५ जानेवारी २००६ ला मतदान झालं आणि अमेरिका जिला दहशतवादी मानते ती हमास संघटना जिंकली. निवडणूक हवी म्हणणाऱ्या वॉशिंग्टनने मग त्या निवडणुकीतून आलेल्या सरकारची मदत थांबवली.