जोर्वे ते इनामगाव : पांढरीने राखलेला इतिहास

महाराष्ट्राच्या खेड्यात जमिनीला दोन नावे आहेत. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली की चुलीची राख, गोठ्यातले शेण, पडलेल्या भिंतींची माती, चुना आणि हाडे साचत जातात आणि जमिनीचा रंग उतरतो. वस्ती उठून गेली तरी ते टेकाड शेतात तसेच राहते. ही माती खत म्हणून चांगली आणि घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, घालायलाही उपयोगी, म्हणून शेतकरी ती गाड्या भरून नेत आले. गोदावरी-प्रवरेकाठची, भीमा-घोडेकाठची कितीतरी जुनी टेकाडे अशीच अर्धी संपली. पण उरलेल्या अर्ध्याचा उभा छेदही त्यामुळे आयता मिळाला. राखेचे पट्टे, सारवलेल्या जमिनी आणि मडक्यांचे काठ छेदात सरळ दिसतात. ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या, महाराष्ट्राचा शोध या पांढरीशी बांधलेला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचा इतिहास अशोक आणि सातवाहनांपासून सांगितला जाई. त्याआधीची अश्मयुगीन हत्यारे नदीच्या गाळात सापडत होती, पण त्या हत्यारांपासून सातवाहनांपर्यंत मधला काळ रिकामाच होता. सिंधू संस्कृती १९२४ साली जाहीर झाली, तरी दख्खनेत तिच्या तोडीचे काही हाती नव्हते. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे आले. १९५०-५१ च्या हंगामात त्यांनी आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेर तालुक्यातले जोर्वे इथे उत्खनन केले. जोर्व्याच्या थरांत तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची लाल मडकी एकत्र आली. त्या मडक्यांना गावाचे नाव मिळाले आणि पुढे संस्कृतीलाही.

हे खापर ओळखणे अवघड नाही. चाकावर घडवलेले, पातळ, आत-बाहेर सारखे भाजलेले. कडेने तोडले तर मधोमध काळा पट्टा दिसत नाही. नखाने टिचकी मारली की खणखणते. लाल लेपावर काळ्या भौमितिक रेघा, आत झुकलेल्या भिंतीचे वाडगे आणि नळीसारख्या तोटीची भांडी ही नेहमीची रूपे. शेवटच्या टप्प्यात मात्र भाजणी आणि लेप दोन्ही उतरतात. पृष्ठभागावरची खापरे गोळा करताना सावध राहावे लागते. नांगराने वर आणलेले तुकडे टेकाडावर कोणकोणत्या काळातल्या लोकांचे पाय पडले एवढेच सांगतात. आधी कोण आणि नंतर कोण हे थरांशिवाय ठरत नाही.

थर वाचण्याची शिस्त पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ ते १९४८ या काळात भारतात रुजवली. टेकाडाची चौकोनांत आखणी करायची, चौकोनांमध्ये न खणलेल्या भिंती राखायच्या आणि माती फुटांच्या मोजमापाने न काढता रंग-पोत पाहून थराथराने काढायची. न खणलेली भिंत ही कामाची वही असते. खणलेले परत दिसत नाही, भिंतीत मात्र त्याचा छेद राहतो. दख्खनेत एक वेगळी अडचण येते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे मणी, दाणे, कोळशाचे बारीक तुकडे त्या भेगांतून खाली उतरतात. उंदरांच्या बिळांचेही तेच. शिवाय नंतरच्या लोकांनी खणलेले खड्डे खालच्या थरांत घुसलेले असतात. खड्ड्याची कड वेळेत ओळखली नाही, तर सातवाहनकालीन खापर ताम्रपाषाण घराच्या जमिनीवर सापडल्याची नोंद होते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. उपाय साधा आहे: पृष्ठभागावर थोडे पाणी शिंपडायचे, खुरप्याने हलके खरवडायचे आणि ओल असतानाच रंगातला फरक रेषेने आखायचा. डांबांच्या, म्हणजे घराच्या लाकडी खांबांच्या, खळग्या याच पद्धतीने दिसतात. लाकूड कुजून गेलेले असते, पण त्याच्या जागी भरलेली माती भोवतालपेक्षा मऊ आणि गडद राहते.

नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये काम झाले. ज्ञानेश्वरीमुळे घराघरांत ठाऊक असलेले हे गाव प्रवरेकाठी अश्मयुगापासूनचे पुरावे बाळगून होते. उभ्या छेदाने काळाचा क्रम हाती आला. अडचण अशी की ताम्रपाषाण वस्तीवर नंतरच्या काळातल्या वस्त्यांचा जाड थर होता. कोण कधी राहिले ते कळले, पण गाव कसे होते, घरे किती आणि कोणाच्या शेजारी कोण, हे अरुंद खड्ड्यातून कळणे शक्यच नव्हते.

त्यासाठी आडवे, पसरट उत्खनन हवे होते आणि त्याला वर ओझे नसलेले टेकाड लागते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला ते मिळाले. तिथे १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झ. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखाली बारा हंगाम काम चालले. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. तीन टप्पे ठरले: माळवा (जोर्व्याच्या आधीची ताम्रपाषाण संस्कृती) काळ इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १००० आणि उत्तर जोर्वे १००० ते ७००. कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती. मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि जवळ धान्यकोठार. गहू, जव, कडधान्ये अशी पिके होती. नदीचे पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाटही घातलेला होता.

जुन्या पिकाचा पुरावा टिकतो तो बहुधा जळाल्यामुळे. न जळलेला दाणा कुजतो, कोळसा झालेला राहतो. म्हणून चुलीजवळची आणि कणगीच्या तळाची माती पाण्याच्या टाकीत सोडून ढवळतात. वर तरंगणारे दाणे बारीक जाळीवर घेऊन सावलीत वाळवतात. उन्हात घाईने वाळवले तर ते तडकतात. यातला कल लक्षात ठेवावा लागतो: भाजून खाल्ल्या जाणाऱ्या किंवा साठवणुकीत जळालेल्या पिकांचे दाणे जास्त सापडतात, पालेभाज्यांचा तर मागच उरत नाही.

दफनांविषयी इनामगावने जे दिले ते भारतात क्वचित कुठे मिळते. मूल घराच्याच जमिनीखाली पुरत, तेही दोन करड्या मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, आडवे. वरच्या जमिनींच्या भाराने ही मडकी दबून फुटलेली असतात. म्हणून हाडे तिथेच न उचलता आतली माती वेगळी चाळावी लागते. तान्ह्याच्या दातांचे कोंब तांदळाच्या दाण्याएवढे असतात आणि वय बहुतेक त्यांवरूनच ठरते. मोठ्या माणसाला उताणे पुरत, घोट्याखाली पाय तोडून. मृताने परत येऊ नये म्हणून, हा तर्क सगळे सांगतात. पुरावा फक्त तोडलेल्या पायांचा आहे, कारणाचा नाही. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात सुमारे चाळिशीचा पुरुष चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला मिळाला, पाय शाबूत. गावप्रमुख म्हणून त्याचे नाव झाले ते या फरकामुळे. दुसऱ्या एका घराखाली मातीच्या झाकणबंद डबीत बिनशिराची स्त्रीमूर्ती होती आणि वर आणखी एक बिनशिराची मूर्ती व बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके होती. काडी घालून तिला बैलावर बसवता येते.

या सगळ्याला तारखा कशा बसल्या? १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ ची, म्हणजे कोळशातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणारी, प्रयोगशाळा सुरू झाली आणि नेवाशासह दख्खनेतले कोळसे तिथे गेले. नमुना हाताने चोळायचा नाही, कागद-कापसात गुंडाळायचा नाही. मुळे काढून अॅल्युमिनियमच्या पत्र्यात ठेवायचा. प्रयोगशाळेत आम्लाने चुना आणि अल्कलीने मातीतला सेंद्रिय अंश धुतला जातो, कारण नवे मूळ नमुना तरुण ठरवते. उलट, तुळईचे लाकूड घर बांधण्याच्या वेळीच शंभर-दोनशे वर्षे जुने असू शकते, म्हणून दाण्याची तारीख डांबापेक्षा भरवशाची. पूर्वीच्या अहवालांतले आकडे वाचताना आणखी एक गोष्ट: कार्बन-१४ चे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) आधी ५५६८ वर्षे धरत, नंतर ५७३० ठरले. ३००० वर्षांचा आकडा यामुळे सुमारे ९० वर्षांनी मागे जातो, आणि झाडांच्या वर्तुळांवरून दुरुस्ती केली की इ.स.पू. १०५० च्या जागी साधारण १२५० येतात. जुने आणि नवे आकडे एकाच तक्त्यात मिसळल्याने अनेक लेखांत उगाच वाद झाले आहेत.

दायमाबादचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. प्रवरेकाठच्या सुमारे २० हेक्टरांच्या या टेकाडावर सावळदा, उत्तर हडप्पा (सिंधू संस्कृतीचा शेवटचा टप्पा), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच टप्पे उत्खननात वेगळे ओळखता आले. पण तिथली सर्वांत प्रसिद्ध वस्तू कुठल्याच थरात सापडलेली नाही. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस हा चार शिल्पांचा ६० किलोंहून जास्त वजनाचा साठा १९७४ मध्ये गावकऱ्यांना मिळाला. थर नाही, शेजारी खापर नाही, कोळसा नाही. काहींनी तो उत्तर हडप्पाकालीन मानला. धातूत १ टक्क्याहून जास्त आर्सेनिक दिसल्यावर हडप्पाशी नाते जोडण्यावर हरकत आली. वाद मिटलेला नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमारास गोदावरी आणि तापी खोऱ्यांतल्या जोर्वे वस्त्या ओस पडतात, भीमेच्या बाजूला मात्र उत्तर जोर्वे चालू राहतो. इनामगावला चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, मडकी हलक्या दर्जाची होतात, जनावरांवरची भिस्त वाढते. ढवळीकरांनी याचे कारण कोरडे होत गेलेले हवामान सांगितले. नंतरच्या अभ्यासकांनी मुलांच्या हाडांत खुंटलेल्या वाढीच्या खुणा तपासल्या आणि उत्तर जोर्वे काळातला ताण दाखवून दिला. तो दुष्काळाचाच की शेतीतल्या बदलाचा, यावर मते वेगळी आहेत. हाडे पुण्यात जपलेली असल्यामुळे खणणारी पिढी गेल्यावरही हे काम चालू राहिले आहे.